रविवारी चर्च, सोमवारी काय?

ख्रिस्ती कुटुंब म्हटलं की बऱ्याच मैत्रिणींच्या डोळ्यांसमोर ठरावीक चित्रं येतात. नाताळचा कागदी तारा, केक, पांढऱ्या गाऊनमधली नवरी आणि रविवारी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून चर्चला निघालेले आई-बाबा आणि मुलं. चित्रं खोटी नाहीत, पण सगळी सणाची नाहीतर सुट्टीची आहेत. आठवड्याचे उरलेले सहा दिवस हे कुटुंब कसं जगतं, ते कुणाला फारसं ठाऊक नसतं. खरं सांगायचं तर श्रद्धेचा कस लागतो तो त्या सहा दिवसांतच.

आम्ही राहतो भिवंडीजवळच्या शेलारला. नदीनाका ओलांडून वाड्याच्या दिशेनं निघालं की आमचं गाव. गाव म्हणायचं आपलं, पण यंत्रमागांची खटखट रात्रंदिवस कानावर असते. शेजारात कुणी इथलेच आगरी, कुणी तेलुगू पद्मशाली, कुणी उत्तर प्रदेश-बिहारातून मागावर कामाला आलेले. ख्रिस्ती घरं मोजकी. रविवारी कुणी कल्याणला प्रार्थनेला जातं, कुणी ठाण्याला, तर कधी चौघीजणी कुणाच्या तरी घरी जमून प्रार्थना करतात. अशा वस्तीत शेजारच्या भाभींना किंवा काकूंना येशूबद्दल जे काही कळणार, ते आपल्या वागण्यावरूनच. नळावर आपण कशा बोलतो, उसनी नेलेली वाटीभर साखर परत करतो की नाही, त्यांच्या घरी आजारपण आलं की आपण दार लोटून घेतो की उघडतो, यावरून!

सामाजिक कामाच्या निमित्तानं अनेक घरांत जाणं होतं. आमच्या ख्रिस्ती बायकांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ताई, पहाटे पाणी भरायचं, मग डबे, मग मुलांची शाळा, दुपारी शिलाईचं काम. बायबल उघडायलाच होत नाही. आम्ही कसल्या विश्वासणाऱ्या!" त्यांच्या आवाजात खरोखरीची खंत असते. रविवारी उपदेशात 'रोज पहाटे उठून तासभर मनन करा' असं ऐकलं की ही खंत आणखी वाढते. पहाटे उठून या बायका काय करत असतात, हे बहुधा उपदेश करणाऱ्यांच्या लक्षात येत नसावं.

अशा मैत्रिणींना मला काही सांगायचंय. येशूचं पृथ्वीवरचं आयुष्य साधारण तेहेतीस वर्षांचं मानतात. त्यातली जवळजवळ तीस वर्षं नासरेथ नावाच्या लहानशा गावात, सुताराच्या घरात गेली. उपदेश, चमत्कार, गर्दी हे सगळं शेवटच्या तीनेक वर्षांतलं. म्हणजे देवाच्या पुत्राचंही बहुतेक आयुष्य रंधा आणि करवत यांच्या संगतीतच गेलं. पुढे तो बोलू लागला तेव्हा त्यानं दाखले कुठले दिले पाहा. पिठात मिसळलेलं खमीर, मीठ, दिवा, जुन्या कपड्याला लावलेलं ठिगळ आणि हरवलेलं नाणं शोधायला दिवा लावून घर झाडणारी बाई. हे दाखले कधीतरी आपल्या आईजवळ बसून पाहिलेल्या माणसाचे आहेत. पुनरुत्थानानंतर शिष्य रात्रभर मासेमारी करून दमून आले, तेव्हा त्यानं किनाऱ्यावर निखाऱ्यावर मासळी भाजून त्यांच्या न्याहारीची सोय करून ठेवली होती. स्वयंपाकघरातलं काम देवापासून लांब आहे, असं मग कुणी का मानावं?

मार्था आणि मरिया या बहिणींची गोष्ट आपल्याला नेहमी ऐकवली जाते. मरिया येशूच्या पायांशी ऐकत बसली, मार्था कामात राहिली आणि येशूनं मार्थेला समजावलं, ही ती गोष्ट. पण त्यानं तिला काळजी आणि दगदग कमी कर असं सांगितलं, जेवण करणं हलकं आहे असं नाही. शिवाय भाऊ लाजर वारला तेव्हा येशूवरचा आपला विश्वास ठामपणे बोलून दाखवते ती हीच कामसू मार्था. हा भाग मात्र उपदेशात क्वचितच येतो. असो.

कामातून श्रद्धा कशी जगायची याचं उदाहरण शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. आपल्या महाराष्ट्रातच पंडिता रमाबाई होऊन गेल्या. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. १८७६-७७ च्या दुष्काळात आईवडील गेले, मोठी बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ पायी फिरत कलकत्त्याला पोचले. तिथं १८७८ मध्ये त्यांची विद्वत्ता पाहून त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोनेक वर्षांत पती गेले, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथवर बहुतेकींना माहीत असतं. पण मला रमाबाई आवडतात त्या पुढच्या गोष्टींसाठी. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्यांनी आपली बुद्धी कुणाकडे गहाण टाकली नाही. इंग्लंडमधल्या धर्मभगिनींशी त्यांनी पत्रांतून कडकडून वाद घातले. क्रूसावर लॅटिन अक्षरं कोरलेली असतात, तर त्या भाषेत असं काय विशेष आहे, मला आणि माझ्या भगिनींना ती कुठं कळते, आपली संस्कृत का नको, असं त्यांनी सरळ विचारलं. मांसाहार त्यांनी शेवटपर्यंत केला नाही. श्रद्धा ख्रिस्तावर, पण पोशाख, जेवण आणि भाषा आपल्या मातीची. आजही 'तुम्ही ख्रिस्ती, म्हणजे तुमचं सगळं इंग्रजी' असं म्हणणाऱ्यांना रमाबाईंची ओळख करून द्यायला हवी.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. तिथं शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये लग्न केलं आणि महाराष्ट्राला बाया कर्वे मिळाल्या. पण त्याच वर्षी सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वादळ उठलं. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई खचल्या नाहीत, की लोकांशी भांडतही बसल्या नाहीत. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस मुलींना केडगावला घेऊन आल्या. त्यातून 'मुक्ती' उभी राहिली. १९०० च्या सुमाराला तिथं दीड हजारांवर बायका-मुलं होती.

एवढ्या माणसांना नुसत्या प्रार्थनेवर जेवू घालता येत नाही. केडगावात शेती होती, गाई-म्हशी होत्या, तेल काढणं होतं, शिवण होतं, हातमाग होते. छापखाना होता आणि तो मुलीच चालवायच्या. अंध बायकांना ब्रेल लिपी शिकवली जायची. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी वेगळं कृपासदन होतं. भिवंडीत राहणाऱ्या बाईला मागावर कापड विणण्यात किती घाम जातो हे सांगायला नको. म्हणून त्या हातमागांबद्दल वाचलं की केडगाव मला शेलारच्या अगदी जवळचं वाटतं. साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल आणायचं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि वर्षानुवर्षं भाषांतर करत राहिल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक गमावल्यावरही त्यांनी मुद्रितं तपासण्याचं काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तेव्हा ते काम पुरं होत आलेलं होतं. मुक्ती मिशन आजही केडगावला सुरू आहे.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. रमाबाई विदुषी, तर लक्ष्मीबाईंची शाळेची ओळख जवळजवळ नाहीच. लिहिणं-वाचणं लग्नानंतर नवऱ्याकडून शिकल्या तेवढंच. माहेरी वडिलांच्या सोवळ्यानं घर हैराण झालेलं. पती रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाई लहान दत्तूला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे परतल्या तरी आपलं सोवळं, आपली चूल वेगळी ठेवली. कुणाच्या सांगण्यावरून त्यांनी ते सोडलं नाही. जातीभेद देवानं केला की माणसानं, हा विचार त्या स्वतःच्या मनाशी करत राहिल्या. तो माणसानं केला हे पटल्यावर मात्र जेवणापाण्याचा विटाळ त्यांनी कायमचा टाकला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या क्रमाकडे लक्ष द्या. आधी त्यांच्या माठातलं पाणी सर्वांसाठी मोकळं झालं आणि मग बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडलं. टिळक हातात येईल ते वाटून टाकणारे, घरात कायम येणं-जाणं, अनाथ पोरं. आल्यागेल्याच्या ताटात भाकरी पडायची ती लक्ष्मीबाईंच्या हिमतीवर. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढे लक्ष्मीबाईंनी नेटानं लिहीत नेलं आणि 'स्मृतिचित्रे' लिहून मराठीतलं एक थोर आत्मचरित्र देऊन १९३६ मध्ये त्या गेल्या. शाळा न पाहिलेली बाई हे करू शकते, तर 'मला काय येतंय' असं आपण कुणीच म्हणू नये.

आता या दोघींच्या उजेडात आपल्या घराकडे पाहू. इथं मला थोडं कडू बोलायचंय, कारण नुसतं गोड बोलणं हे काही प्रोत्साहन नव्हे.

पहिली गोष्ट जातीची. ख्रिस्तात सगळे एक, असं आपण दर रविवारी म्हणतो. पण मुलीचं स्थळ बघायला निघालो की आधी चौकशी होते ती 'मूळचे कोण?' याची. नगर-जालन्याकडे पूर्वीची जात विचारतात, वसईकडे सामवेदी, वाडवळ, कोळी असे गट पाहतात. घरकाम करणाऱ्या बाईचा कप वेगळा ठेवणारी ख्रिस्ती घरंही मी पाहिली आहेत. लक्ष्मीबाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी जे टाकून दिलं, ते आपण सांभाळून ठेवत असू तर आपल्या उपासाला आणि प्रार्थनेला काय अर्थ? उद्या सकाळी कामवाल्या मावशींना आपल्याच कपातून चहा द्यावा आणि समोर बसून आपणही प्यावा. याला एक पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट बहिणीच्या वाट्याची. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा मिळतो. केरळमध्ये जुन्या त्रावणकोरच्या कायद्यानं मुलीला मुलाच्या पाव वाट्याएवढंच किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी ते मिळायचं. मेरी रॉय या बाईनं त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला आणि १९८६ मध्ये जिंकली. आपल्याकडे कायदा आधीपासून बाजूनं आहे. तरीही हक्कसोड पत्रावर सही घ्यायला भाऊ येतो आणि 'भावाशी वाकडं कशाला' म्हणून बहीण सही करते. हिंदू घरांतही २००५ च्या दुरुस्तीनंतर हेच चित्र दिसतं. आमच्या भिवंडी परिसरात तर गोदामांमुळे जमिनींना सोन्याचं मोल आलं आहे, त्यामुळे अशा सह्या जास्तच. आपण नणंद असू तेव्हा हक्क आठवतो, पण भावजय असू तेव्हा? नवऱ्याला 'ताईंचा वाटा त्यांना द्या' असं सांगणारी भावजय मला रविवारच्या कितीही लांब प्रार्थनेपेक्षा मोठी वाटते.

तिसरी गोष्ट फार नाजूक आहे. क्षमा करा, सहन करा, आपला क्रूस उचला, हे शब्द आपल्याला पवित्र आहेत. पण रोज मार खाणाऱ्या बाईला ते ऐकवले जातात तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. असं सांगणारी माणसं घरची असतात, कधी प्रार्थनासभेतलीही. येशूनं क्रूस स्वतःहून उचलला तो दुसऱ्यांना वाचवण्यासाठी, दारुड्या नवऱ्याची सोय व्हावी म्हणून नव्हे. क्षमा म्हणजे मनात सूड न धरणं. दार उघडं ठेवून पुन्हा मार खाणं नव्हे. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती बाईला नवऱ्याचा छळ एवढंच कारण पुरत नसे, त्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. नवऱ्याला मात्र बायकोचा व्यभिचार एवढं कारण पुरायचं. ही विषमता २००१ मध्ये दूर झाली. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा सर्व धर्मांच्या बायकांसाठी आहे, १८१ ही हेल्पलाइन आहे. अशा शेजारणीसाठी प्रार्थना जरूर करा, पण ती करून झाली की तिच्याबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत चाला.

चौथी गोष्ट आमच्या भिवंडीनं शिकवलेली. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे शहर होरपळलं होतं. त्यानंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या, दोन्ही समाजांची माणसं एकत्र बसवली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. बोलणाऱ्या, ओळखीच्या शेजाऱ्यांमुळे राहिली. आज अफवा गल्लीतून नाही, व्हॉट्सअॅपवरून येते. शेजाऱ्यावर प्रेम करायचं म्हणजे आजच्या भाषेत त्याच्या धर्माविरुद्धचा मेसेज पुढे न पाठवणं. ग्रुपमध्ये 'हे खरं आहे का?' एवढं विचारायलाही धैर्य लागतं, पण तेवढं करता येतं.

यावर एक मैत्रीण हळूच विचारते, "ताई, पण आपण मदत केली की लोक म्हणतात, धर्म बदलायला आल्या. मग करावी की नाही?" प्रश्न खरा आहे. असा संशय रमाबाईंच्या वाट्यालाही आला होता. मला याचं उत्तर चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात मिळतं. वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाच्या जखमा त्यानं बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, खर्चाचे पैसे दिले आणि तो आपल्या वाटेनं गेला. त्यानं त्या माणसाला तू कुठल्या देवाला मानतोस हे विचारलं नाही. मदतीला कसलीही अट नको, हाच याचा धडा. लोक बोलतील, बोलू द्यावं. २०२० च्या टाळेबंदीत यंत्रमाग बंद पडले आणि नाशिक महामार्गानं माणसांचे लोंढे पायी गावाकडे निघाले, तेव्हा पाण्याची बाटली हातात देणाऱ्याची जात किंवा धर्म त्यांच्यापैकी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

श्रद्धा घराबाहेर कशी उभी राहते हेही आपल्या जवळच पाहायला मिळालं. वसईची हिरवाई आणि पाणी वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८८ पासून हरित वसईच्या चळवळीत उभे राहिले, धमक्या आल्या तरी हटले नाहीत. २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले. गावची विहीर वाचवणं हीदेखील उपासना असते, हे त्यांनी आपल्या कामातून दाखवलं.

आपल्यातल्या प्रत्येकीला केडगाव उभारता येणार नाही, आणि कुणी तशी अपेक्षाही केलेली नाही. येशूनं मंदिराच्या दानपेटीत दोन लहान नाणी टाकणाऱ्या गरीब विधवेचं कौतुक केलं होतं, मोठ्या देणगीदारांचं नव्हे. तेव्हा ज्या मैत्रिणींना प्रार्थनेला वेळ मिळत नाही म्हणून खंत वाटते, त्यांनी ती खंत आधी टाकून द्यावी. पाण्याची कळशी भरता भरता देवाशी दोन शब्द बोलावेत, त्याला चालतं. रात्री दिवा मालवण्याआधी बायबलच्या दोन ओळी वाचून झाल्या तर उत्तम. नाही झाल्या तर ज्या कुणाशी आज आपण चांगलं वागलो, त्याचं नाव घेऊन झोपावं. ज्या कुणाशी वाईट वागलो असू, त्याच्याकडे उद्या जावं. शेजारीण हिंदू असो, मुसलमान असो, तिच्याही देवानं तिला याहून फारसं वेगळं काही सांगितलेलं नसणार. मग नळावर दोघींचं भांडण व्हायचं कारणच उरणार नाही... निदान रोज तरी नाही!